नागपुरात राहून कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समध्ये शिरायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात, मेंदूच्या गणिती मॉडेल्सवर संशोधन करायचंय, कॉलेजात कुणी मार्गदर्शक नाही. मग पैसे भरून ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करावा का?

करू नका. लॅबवाले सर्टिफिकेट बघत नाहीत. मॉडेल स्वतः लिहून त्याचं उत्तर बरोबर आलं की नाही हे या विद्यार्थ्याला पारखता येतं का, एवढंच बघतात. तेच आधी जमवा.

सुरुवात लीकी इंटिग्रेट-अँड-फायर न्यूरॉनने, साध्या पायथनमध्ये. हे चेतापेशीचं सगळ्यात साधं मॉडेल: व्होल्टेज वाढत जातं, थ्रेशोल्डला पोचलं की स्पाइक (विद्युत ठोका) नोंदवायचा आणि व्होल्टेज रीसेटला आणायचं. टाइम कॉन्स्टंट २० मिलिसेकंद, रेस्ट (पेशी शांत असतानाचं व्होल्टेज) आणि रीसेट −७० मिलिव्होल्ट, थ्रेशोल्ड −५०, आणि करंट गुणिले रेझिस्टन्स ३० मिलिव्होल्ट घ्या. दोन स्पाइकमधलं अंतर २० × ln(३०/१०), म्हणजे सुमारे २२ मिलिसेकंद यायला हवं (रिफ्रॅक्टरी काळ, म्हणजे स्पाइकनंतरची सक्तीची विश्रांती, शून्य धरून). तुमचा प्रोग्राम २५ दाखवत असेल तर चूक कोडमध्येच आहे, बहुधा टाइम स्टेप मोठी आहे किंवा एककांचा घोळ आहे.

मग हॉजकिन-हक्सली, म्हणजे सोडियम-पोटॅशियमच्या प्रवाहांतून स्पाइक कसा तयार होतो ते दाखवणारं मॉडेल. इथे बहुतेक जण तीन जागी अडकतात. एक, १९५२च्या मूळ पेपरात व्होल्टेज रेस्टपासून मोजलंय आणि त्याचं अधिक-उणे चिन्हही आजच्या उलट आहे. तिथली समीकरणं आणि रेस्ट −६५ मिलिव्होल्ट धरण्याची आजची पद्धत एकत्र केली की स्पाइक येतच नाही. दोन, नव्या पद्धतीत −४० आणि −५५ मिलिव्होल्टला अल्फाच्या (गेट उघडण्याच्या वेगाच्या) सूत्रात शून्य भागिले शून्य होतं आणि सगळा आलेख ‘नॅन’ने (‘संख्या नाही’ या खुणेने) भरतो, त्या बिंदूंवर m (सोडियमचा गेट) साठी १ आणि n (पोटॅशियमचा गेट) साठी ०.१ ही लिमिट हाताने घाला. तीन, समीकरण पायरीपायरीने सोडवण्याच्या साध्या ऑयलर पद्धतीत ०.१ मिलिसेकंदाची स्टेप फार मोठी पडते, कारण सोडियमचा m गेट फार वेगवान असतो. ०.०१ घ्या, मग ती निम्मी करून पुन्हा चालवा. स्पाइकची वेळ फारशी हलली नाही तरच उत्तरावर विश्वास ठेवा.

हे जमलं की मॉडेलडीबी या मोफत संग्रहातून एक छोटं मॉडेल निवडा आणि त्याच्या पेपरातली एक आकृती ब्रायन २ किंवा न्यूरॉन सिम्युलेटरवर पुन्हा काढा. कोड आणि दोन पानांचं टिपण गिटहबवर ठेवा. काय जुळलं नाही तेही लिहा, तो भाग जाणकार सर्वात आधी वाचतात. गुगलचं मोफत कोलॅब (ब्राउझरमध्ये कोड चालवायची सोय) वापरत असाल तर निकाल ड्राइव्हवर साठवत जा, सेशन तुटलं की सगळं जातं. ईईजीवर (डोक्यावरून नोंदवलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींवर) काम करायचं असेल तर ओपनन्यूरोवरचा खुला डेटा घ्या. इथल्या एखाद्या हॉस्पिटलमधून ओळखीने पेनड्राइव्हवर रुग्णांचा डेटा आणणं साफ चूक आहे. एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावू नये.

आता संधी. न्यूरोमॅच अकॅडमी ही या विषयाची शाळा २०२०पासून ऑनलाइन चालते. उन्हाळी सत्र तीन आठवड्यांचं, दिवसभराचं असतं, पण सगळे धडे वर्षभर मोफत उघडे असतात. शुल्क जड वाटलं तर तेच स्वतः सोडवा. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतली कॅम्प ही शाळा स्मृती आणि प्लॅस्टिसिटीच्या मॉडेल्सवर आहे, आधी वरचं काम झालेलं असेल तरच तिचा खरा उपयोग. कोडिंग पक्कं असेल तर गुगल समर ऑफ कोड या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमात आयएनसीएफ या न्यूरोसायन्स-डेटाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रकल्प बघा. जपानमधल्या ओकिनावाच्या ओआयएसटी या संशोधन विद्यापीठाचा कोर्स पीएचडीच्या टप्प्यावर ठेवा. भारतात पीएचडी करायची तर गेट किंवा नेट लागेल, नेटची जेआरएफ (संशोधनवृत्ती) २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे.

तुम्हाला या वर्षी सर्वात योग्य म्हणजे देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, दोन महिन्यांची. आयआयएससी, आयसर पुणे, आयआयटी मद्रास इथे या विषयाचे गट आहेत. अशा गटाच्या प्राध्यापकांना मेल लिहाल तेव्हा त्या गटाचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा, सोबत गिटहबचा दुवा द्या. मजकूर दहा ओळींच्या वर नको, आणि एकच मेल वीस जणांना तर मुळीच नको.

या फेलोशिपचे अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात, नेमक्या हिवाळी परीक्षांच्या धामधुमीत. शिफारसपत्र लागतं, म्हणून सिग्नल्स किंवा मॅथ्स शिकवणाऱ्या सरांना दसऱ्याआधीच कोड दाखवा आणि पत्राचं विचारून ठेवा.