आधी टेबलाची कड बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दृक्‌प्रत्ययवाद, फोविझम, घनवाद, चित्रकलेतले हे सगळे 'वाद' सनावळीसकट पाठ आहेत. पण फ्रेंच चित्रकार सेझानची सफरचंदं समोर आली की 'यात एवढं काय' असंच वाटतं, आणि ते वर्गात बोलायची लाज वाटते, असं तू लिहिलंयस. लाज कसली? सुरुवात उलट्या टोकाने झाली, एवढंच. आधी चित्र बघ. नाव नंतर.

ही नावं आली कुठून, तेही बघून घे. 1874मध्ये पॅरिसला चित्रकार मोनेचं 'इंप्रेशन, सूर्योदय' प्रदर्शनात लागलं. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने त्यातला 'इंप्रेशन' शब्द खिल्ली उडवायला उचलला आणि तो अख्ख्या गटाला चिकटला; तोच इंप्रेशनिझम, म्हणजे दृक्प्रत्ययवाद. 1905मध्ये चित्रकार मातिस आणि त्याच्या सोबत्यांना समीक्षक लुई वोसेलने 'फोव्ह', म्हणजे हिंस्र श्वापदं, म्हटलं; त्यावरून फोविझम. 1908मध्ये चित्रकार ब्राक सगळ्याचे ठोकळे करतो, असंही वोसेलनेच लिहिलं; त्यावरून घनवाद. चित्रं आधी झाली, शब्द मागून आले. मग तू शब्दांपासून का निघतेस?

मोनेचं काम पाच मिनिटांचं आहे. त्या सूर्योदयाचा फोटो फोनवर कृष्णधवल कर. नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो, कारण त्याची उजळी आजूबाजूच्या राखाडी आकाशाएवढीच आहे. तो उठून दिसतो तो फक्त रंगामुळे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की त्या गटाला रंगाचं काय पडलं होतं, ते कुणी समजवावं लागणार नाही.

सेझानला मात्र वेळ दे. 'सफरचंदांची टोपली' घे, साधारण 1893चं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी प्रतिमा मोफत मिळते. ए-थ्री आकारात छाप. मूळ चित्र साधारण 65 बाय 80 सेंटीमीटरचं, म्हणजे इंपीरियल कागदाहून जरा मोठं. भिंतीवर मास्किंग टेपने तेवढा चौकोन आखून ठेव. फोनच्या पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात आणि तिथेच निम्मी चूक होते.

आता प्रिंटवर बटर पेपर टाक आणि पट्टी घे. टेबलाची पुढची कड डावीकडून ओढत ने. मध्ये पांढरा चुरगळलेला कपडा येतो. त्याच्या पलीकडे उजवीकडे कड पुन्हा निघते, पण तुझ्या रेषेला मिळत नाही. बाटलीचा मधला अक्ष काढ. ती डावीकडे कललेली आहे. टोपली पुढे झुकलीय. मागच्या बशीतली बिस्किटं बघ: खालची बाजूने दिसतात, वरची जणू मान उंचावून पाहिल्यासारखी. इथे बहुतेक मुलं 'पर्स्पेक्टिव्ह चुकलं' म्हणून पान उलटतात. थांब. आता कड सरळ करून तेच चित्र पेन्सिलीने काढ, बाटलीही ताठ उभी कर. सफरचंदं घरंगळायची थांबतील, कपडा निर्जीव होईल. कड का मोडली, ते तुझ्या हाताला कळेल. एका जागी खिळलेल्या एका डोळ्याचं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) सोडून, मान हलवत, पुन्हापुन्हा पाहिलेलं सेझानने एकाच कॅनव्हासवर बसवलंय.

यानंतरच पिकासोचं 1907चं 'आव्हिन्योंच्या तरुणी' उघड. जवळपास 244 बाय 234 सेंटीमीटर, भिंतभर. उजवीकडे खाली बसलेली बाई शोध: पाठ आपल्याकडे, चेहराही आपल्याकडे. बिस्किटं आठवली? तिथे हलक्या हाताने केलेलं इथे अंगावर येतं. सगळं श्रेय सेझानला देऊ नकोस. त्या चेहऱ्यांमागे प्राचीन इबेरियन (स्पेनकडची) शिल्पं आहेत, आफ्रिकी मुखवटे आहेत. पण धागा सापडला तो तुला, पट्टीने.

परीक्षेत सनावळ्याच विचारतात, असं तू म्हणशील. विचारू देत. त्या दोन रात्रींत पाठ होतात. नजर दोन रात्रींत होत नाही. वर्षानुवर्षं मीही फळ्यावर आधी वादांची नावं लिहिली आणि चित्रं शेवटच्या दहा मिनिटांत दाखवली, याचं आजही वाईट वाटतं. आता मी हटून बसतो ते त्यामुळेच. मी इतिहासाला कमी लेखतो, असं काहींना वाटतं. नाही. इतिहास चित्राच्या आतच असतो, तो तिथून वाचायचा.

आपल्याकडचंही एक सांगतो. 1948मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने तरुण चित्रकार सय्यद हैदर रझांची चित्रं पाहिली. यांत बांधणी कमी आहे, सेझान अभ्यास, असं त्याने सुचवलं. वाद अभ्यास, असं नव्हे. दोन वर्षांनी रझा पॅरिसला गेले. त्यांची त्या काळातली गावांची, घरांची निसर्गचित्रं सेझानच्या टोपलीच्या चित्राशेजारी ठेवून बघ, बांधणी कुठून आली ते शोध.

या आठवड्यात एकच चित्र, रोज वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं काही वाचायचं नाही, पुढची दहा पट्टी आणि पेन्सिल. रविवारी बटर पेपरवरच्या रेषांचा फोटो पाठव. कडेला एकाही वादाचं नाव नको.