‘तो चावणार नाही ना?’

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न समुपदेशकाकडे कशाला येईल, असं कुणालाही वाटेल. पण गोव्यात, म्हापशात माझ्याकडे तो सारखा येतो, फक्त वेश बदलून. झोप लागत नाही, चिडचिड होते, संध्याकाळी बाहेर पडावंसं वाटत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं बसतात आणि बोलता बोलता मुळाशी निघतात कोपऱ्यावरचे चार कुत्रे. लहान मूल घाबरलं तर आपण त्याचा हात धरतो. पंचेचाळिशीच्या बाईने तेच सांगितलं तर घरचे हसतात. म्हणून ती सांगतच नाही.

अशाच एका बाईंची ही गोष्ट. त्यांना वैनी म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दत्तवाडीच्या बाजूला फ्लॅट, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम. एका रात्री स्कूटरमागे कुत्रे लागले, वैनींनी घाबरून वेग वाढवला आणि वळणावर गाडी घसरली. चावलं कुणीच नाही. गुडघा खरचटला, तो लवकर बराही झाला. पण आधी तो रस्ता सुटला, मग स्कूटर सुटली, मग शुक्रवारचा बाजार, कारण मासळीपाशी कुत्री असतातच. शेवटी सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की उंडे (गोल पाव) घ्यायला नवरा खाली जाऊ लागला. जिन्याच्या तोंडाशी शेजारीण कुत्र्यांना भात घालायची ना!

रस्ता टाळला की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. मन त्यावरून निष्कर्ष काढतं की टाळलं म्हणून वाचलो. खरं तर त्या रस्त्याने गेल्यावरही बहुतेक काहीच झालं नसतं, पण ते पाहायची संधीच मन स्वतःला देत नाही.

“सगळे एकच सांगतात,” वैनी म्हणाल्या, “‘चाबना गे तो!’ चावत नाही गं तो, असं शेजारीण सांगते, नवरा सांगतो, लेकसुद्धा सांगतो. माझ्यावर काही परिणाम होत नाही.”

“मग माझ्याकडून काय हवंय?”

“तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा, तो चावणार नाही ना?”

“हे मी नाही सांगू शकत.”

वैनी माझ्याकडे बघतच राहिल्या. बहुधा फी वाया गेली असं वाटलं असावं.

“म्हणजे चावू शकतो?”

“शकतो. शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. समजा चावला. पुढे काय होईल?”

“पुढे काय? संपलंच!”

“काय संपलं? चावला, पोटरीला दात लागले, रक्त आलं. पुढच्या मिनिटाला तुम्ही कुठे आहात?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही मध्ये बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. मग वैनी हळूच म्हणाल्या, “मी कधी इथून पुढे विचारच केला नाही. माझ्या डोक्यात तो तोंड उघडतो आणि सगळं तिथेच थांबतं.”

भीतीचं चित्र चाव्यापाशी अडकून पुन्हा पुन्हा तेच दिसत राहतं. ‘चावणार नाही’ या आश्वासनाने ते पुढे सरकत नाही, उलट माणूस त्याच क्षणावर खिळून राहतो. म्हणून आम्ही ते चित्र मुद्दाम पुढे नेलं. घरी येऊन जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जायचं. लशीचा पहिला डोस लगेच, पुढचे डॉक्टर देतील त्या तारखांना, एकही न चुकवता. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. हे सगळं वैनींनी स्वतःच्या हाताने लिहून काढलं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे मी लपवलं नाही. पण त्याआधी वेळेत उपचार घेतले तर तो टाळता येतो, हेही तितकंच खरं. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षं चालू आहे आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. म्हणून इथे चावला तर इंजेक्शन टाळायचं, असा मात्र अर्थ कुणी काढू नये.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची, हे आतापर्यंत लक्षात आलंच असेल. कुत्रा चावू नये ही इच्छा शहाणी आहे. चावणारच नाही याची हमी मिळाल्याशिवाय मी जिना उतरणार नाही, हा हट्ट माणसाला घरात कोंडतो. पण नुसता विचार बदलून पाय उचलत नाहीत. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाजवळ, तो आवडीचं खात असताना, ससा थोडा थोडा पुढे आणला आणि त्याची भीती घालवली. आम्हीही तेच केलं, खाऊ सोडून.

आधी खिडकीतून पाहायचं आणि वहीत नोंदवायचं. वैनी हिशेबाच्या माणूस, नोंदी चोख: ‘काळा, पांढरे पाय, कानाला खाच. पदेराच्या सायकलमागे चार पावलं गेला, परत येऊन झोपला. शाळेची मुलं बाजूने गेली, शेपटीसुद्धा हलवली नाही.’ कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेला, हे मी सांगितलं. मग जिन्याच्या तळाशी उभं राहायचं, मग नवऱ्यासोबत कोपऱ्यापर्यंत, मग एकटीने. घाबरायला झालं तरी वळायचं नाही. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, मग परतायचं. वेळ लागतो. अधल्यामधल्या दिवशी वैनी रडल्याही.

कुत्रा अंगावर आलाच तर पळू नये, डोळ्यांत डोळे घालून बघू नये, हात अंगाशी घेऊन स्थिर उभं राहावं. स्कूटरमागे लागला तर वेग कमी करावा. खाणाऱ्या कुत्र्याजवळून आणि पिल्लांच्या आईजवळून जाऊ नये. तिथे लांबून जाणं हा भित्रेपणा नव्हे.

धीर आल्यावर वैनींचा शेजारणीवरचा रागही आटला. त्यांनी भांडण न करता भाताची जागा जिन्यापासून हलवून इमारतीच्या मागे नेली. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही तेच आहे, खाऊ घालायची जागा जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर हवी. शेजारीण आधी फुगली, मग मागच्या बाजूला पाण्याचं भांडंही ठेवू लागली.

आता वैनी पाव स्वतः घेतात, शुक्रवारी बाजारालाही जातात. एक तपकिरी कुत्रा दिसला की मात्र अजूनही रस्ता ओलांडतात. त्यावर मी काहीच काम केलं नाही. तो खरोखरच दोघांना चावला आहे, आणि त्याच्याबद्दल नगरपालिकेत अर्ज वैनींनीच लिहून दिला आहे.