किंडल घ्यावं की हातातला फोनच बोलता करावा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी विषय एकच : दिसत नसताना पुस्तक ऐकून वाचणं. सीमाभागातून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

बाबा निवृत्त शिक्षक. काचबिंदूनं त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. मराठी कादंबऱ्या आणि चरित्रं वाचल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. भाऊ पुण्याहून किंडल आणतो म्हणतो. ते मराठी पुस्तक वाचून दाखवतं का? — एक वाचक, निपाणी

भावाला थांबायला सांगा. किंडल म्हणजे ॲमेझॉनचं ई-रीडर, ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. त्यावर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात, पण ती डोळ्यांनी वाचायची. किंडलमधली व्हॉइसव्ह्यू ही बोलणारी सोय इंग्रजी आणि काही परदेशी भाषा वाचते, मराठी नाही. शिवाय सध्याच्या किंडलला स्पीकर नाही आणि हेडफोनची पिनही बसत नाही. आवाज ब्लूटूथवरूनच येतो. बाबा इंग्रजीही वाचत असतील आणि घरात किंडल आधीच असेल तर जरूर वापरा. पॉवरचं बटण सुमारे ९ सेकंद दाबून धरा, ब्लूटूथ हेडफोन जोडणीसाठी तयार ठेवा आणि एक-दोन मिनिटं थांबा. हेडफोनमध्ये सूचना ऐकू आली की दोन बोटं थोडी लांब ठेवून सेकंदभर पडद्यावर टेकवा. कोबोच्या ई-रीडरमध्ये ई-पुस्तक बोलून दाखवायची सोयच नाही.

ई-रीडरची खरी किंमत त्याच्या पडद्याची असते. तो उन्हात दिसतो आणि डोळ्यांना त्रास देत नाही. ज्यांना अजून थोडंफार दिसतं त्यांनी अक्षर मोठं करून तो जरूर वापरावा. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनी त्या पडद्यासाठी पैसे का मोजायचे?

मराठीसाठी साधा अँड्रॉइड फोन पुरतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा आणि त्यातलं ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ शोधा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते ‘सिस्टीम’ किंवा ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये असतं. इंजिन म्हणून गुगलचं निवडा, भाषा मराठी ठेवा आणि ‘इन्स्टॉल व्हॉइस डेटा’मधून मराठी आवाज उतरवून घ्या. इथे बहुतेकांची एक चूक होते. हिंदी आवाज आधीच असतो, लिपीही देवनागरीच, म्हणून तोच चालू ठेवतात. तो ‘केलं’, ‘घरं’, ‘त्यानं’ यांतल्या शेवटच्या अनुस्वाराचा भलताच उच्चार करतो. कादंबरीतले संवाद अशाच शब्दांनी भरलेले असतात, त्यामुळे दोन पानांत माणूस कंटाळतो आणि ‘मशीनचं मराठी असलंच’ असं ठरवून मोकळा होतो.

वाचायला ‘ॲट व्हॉइस अलाउड रीडर’ हे ॲप घ्या. ते ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार), पीडीएफ आणि वर्डची फाइल वाचतं. बाबांना टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय, शिकायचा धीर अजून झाला नसेल तरी अडत नाही. घरातल्या कुणीतरी पुस्तक लावून द्यायचं, मग हेडफोनच्या बटणानं थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं त्यांचं त्यांना जमतं. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथचे बरेच हेडफोन आवाज थांबला की झोपी जातात आणि पुन्हा सुरू होताना पहिलं अक्षर गिळतात. वाचनाचा वेग सुरुवातीला आहे तोच ठेवा. कान सरावले की बाबा स्वतःच वाढवायला सांगतील.

मित्रानं मराठी पुस्तकांच्या पीडीएफ पाठवल्या. एक फाइल काहीच वाचत नाही, दुसरी इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचते. आवाज खराब आहे का? — एक वाचक, वडगाव, बेळगाव

आवाज ठीक आहे, फाइल खराब आहे. मराठीत ऐकून वाचणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच, म्हणून जरा सविस्तर.

जी फाइल गप्प आहे ती पानांचे नुसते फोटो आहेत. तिच्यात अक्षर असं काही नाहीच. जी कचरा वाचते ती जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठवलेले असतात. फाँट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. डोळ्याला ‘पुस्तक’ दिसतं, पण बोलणाऱ्या यंत्राला आकार दिसत नाही, त्याला कोडच मिळतात.

खात्री करून घ्यायची असेल तर टॉकबॅकमध्ये तीन बोटं वर किंवा खाली सरकवून ‘कॅरेक्टर्स’ आणा. मग एक बोट खाली सरकवत एकेक अक्षर ऐका. मराठी अक्षरं ऐकू आली तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम मध्येमध्ये आले तर जुना फाँट.

दोन्हींवर उपाय एकच, ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षर ओळखणं. जुन्या फाँटची पीडीएफ असेल तर आधी तिच्या पानांची जेपीजी चित्रं करून घ्या, म्हणजे आतला चुकीचा मजकूर वाटेत येणार नाही. अशी पानं छापून स्कॅन केलेली नसतात, अक्षर स्वच्छ असतं, म्हणून निकाल उत्तम येतो. छापील पुस्तक स्कॅन करायचं असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. एका चित्रात एकच पान घ्या. उघडं पुस्तक सरळ टिपलं की डाव्या पानाची ओळ उजव्या पानात घुसते आणि बांधणीजवळ पान वाकल्यामुळे ओळीतला शेवटचा शब्द जातो. प्रत्येक फाइल २ एमबीच्या आत ठेवा.

मग संगणकावर गुगल ड्राइव्हमध्ये फाइल चढवा, तिच्यावर शिफ्ट-एफ१० दाबून ‘ओपन विथ’ आणि त्यात ‘गुगल डॉक्स’ निवडा. हे काम फोनमधल्या ॲपवर होत नाही. संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम लावला की दृष्टिहीन माणूस हे स्वतः करू शकतो. तयार मजकुरावर एकदा कान फिरवा. घ-ध, भ-म, ष-प यांची अदलाबदल होते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हरवतो. ‘ळ’चा ‘ल’ होतो. प्रत्येक पानावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा वाक्याच्या मधोमध येऊन बसतो, तो काढलाच पाहिजे, नाहीतर ऐकताना दर मिनिटाला ठेच लागते. प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ द्या, म्हणजे प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. शेवटी ‘डाउनलोड’मधून ईपब करून घ्या. कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम असेल तर पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी आहे ना ते बघा. तिथे इंग्रजी नोंदलेली असेल तर काही ॲप मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावतात.

हे कायद्यात बसतं का, असंही तुम्ही विचारलं आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं दृष्टिहीन व्यक्तीसाठी वाचता येईल अशी प्रत करायला आणि नफा न घेता ती दुसऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला द्यायला परवानगी दिली आहे. तीच फाइल सगळ्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला मात्र नाही.

आमचं गाव जांबोटीच्या पुढे. पावसाळ्यात रेंज दिवसदिवस नसते आणि मग फोन मराठी वाचायचा थांबतो. रेंज असली तरी पडदा बंद झाला की दहा मिनिटांत आवाज बंद. काय करावं? — एक वाचक, खानापूर तालुका

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत मराठी आवाज फोनमध्ये उतरलेलाच नाही, तो इंटरनेटवरून येतोय. खानापूरला किंवा बेळगावला याल तेव्हा वायफायवर वर सांगितल्याप्रमाणे व्हॉइस डेटा उतरवा आणि लगेच एअरप्लेन मोड लावून एक पान वाचून बघा. मराठीत वाचलं तर काम झालं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधले ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे मराठी आवाज कानाला जास्त गोड लागतात, पण त्यांना इंटरनेट लागतं. तुमच्या उपयोगाचे नाहीत.

दुसरी तक्रार बॅटरीची. चार्ज वाचवायला फोनच मागे चालणारं ॲप बंद करतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, तिथे वाचनाचं ॲप, मग ‘बॅटरी’, आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. आवाज ज्या इंजिनातून येतो त्या गुगलच्या स्पीच ॲपलाही हेच करा, ते लोक विसरतात.

फोनमध्ये जागा कमी असेल तर एमपी३ ऐवजी ईपब ठेवा. ६४ केबीपीएसचं एक तासाचं ध्वनिमुद्रण सुमारे २९ एमबी जागा खातं, तर चित्रं नसलेली अख्खी कादंबरी ईपबमध्ये बहुतेक वेळा १ एमबीही होत नाही.

माझं कॉलेज कन्नड आणि इंग्रजीत, घरचं वाचन मराठीत. एकाच फोनवर तिन्ही कसं जमवू? — एक विद्यार्थिनी, चिकोडी

तिन्ही भाषांचे आवाज आधी उतरवून ठेव. टॉकबॅकच्या मेनूत ‘स्पोकन लँग्वेज’ असतं, तिथून भाषा बदलता येते. कन्नड नोटीस आली की कन्नड, पुस्तक उघडलं की मराठी. बदलायचं राहिलं तर समोरचा मजकूर चुकीचा वाचला जातो किंवा सुटतो, आणि सुटलेलं कळतही नाही, म्हणून परीक्षेच्या नोट्स ऐकताना विशेष लक्ष दे. नोट्स स्वतः करत असशील तर तीन भाषा एका फाइलमध्ये कालवू नको. संगणकावर एनव्हीडीएसोबत येणारं ईस्पीक हे बोलणारं इंजिन मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतं. आवाज रुक्ष आहे, पण वेग खूप वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात. अभ्यासाला तेच घे, कादंबरीला गुगल.

तयार मराठी पुस्तकं कुठून मिळतील? आम्ही कर्नाटकात, त्यामुळे अडचण येईल का? — एक वाचक, कारवार

राज्याची अडचण नाही. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे केंद्र सरकार आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांचं ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ पासून आहे. तिथे मराठी, कन्नड, इंग्रजी आणि इतर भारतीय भाषांतली पुस्तकं मिळतात. सभासदत्वासाठी छापील मजकूर वाचता येत नसल्याचा पुरावा लागतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, ते कर्नाटकातलं असलं तरी हरकत नाही. नोंदणी फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत होते. डेझी (दृष्टिहीनांसाठी तयार केलेला पुस्तकाच्या फाइलचा प्रकार) किंवा ईपब असा पर्याय आला तर फोनसाठी ईपब घ्या.

विकतचं ई-पुस्तक घेण्याआधी त्याचा फुकट नमुना उतरवा आणि तुमच्या फोनवर, तुमच्या आवाजात दोन पानं ऐका. नमुना गप्प राहिला तर पैसे भरून घेतलेलं पुस्तकही गप्पच राहील. प्रकाशकाला तसं कळवा, आणि कळवताना पुस्तकाचं नाव, ॲपचं नाव आणि नेमकं काय ऐकू आलं ते लिहा.