फिट्सच्या आजारात मेंदूतले ग्लुटामेट रिसेप्टर बदलतात म्हणजे नेमकं काय?

नागपुरात भाच्याला दाखवलं तेव्हा डॉक्टर 'रिसेप्टरमध्ये बदल होतात' म्हणाले, त्याचा अर्थ तुम्ही विचारलाय.

ग्लुटामेट हे मेंदूतल्या पेशींना उत्तेजित करणारं मुख्य रसायन. ते ज्या प्रथिनांना चिकटतं ते रिसेप्टर: एएमपीए, एनएमडीए, कायनेट वगैरे. बहुतेक एएमपीए रिसेप्टरमध्ये ग्लूए-2 नावाचा घटक असतो, तो कॅल्शियमला आत शिरू देत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत, फार लांबलेल्या झटक्यानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) हा घटक कमी झालेला दिसतो. मग कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरू शकतात. टेम्पोरल लोब एपिलेप्सीत (कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातून सुरू होणारी मिरगी) तर चेतातंतूंना नवे फाटे फुटून कायनेट रिसेप्टरवाल्या जास्तीच्या जोडण्या तयार होतात, पेशी एकमेकींनाच चेतवत राहतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. झटका लांबला की एनएमडीए रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर वाढतात आणि शांत करणारे गाबा रिसेप्टर आत ओढले जातात. म्हणूनच गाबा रिसेप्टरवर काम करून झटका थांबवणारं मिडाझोलाम हे औषध उशिरा दिलं तर कमी लागू पडतं. सीताबर्डीच्या गर्दीत कुणाला मिरगी आली तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा; 5 मिनिटं उलटली की 108 लावा आणि थेट मेडिकल (नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठा.

पेरॅम्पॅनेल हे औषध एएमपीए रिसेप्टर रोखतं. भाच्याला ते चालेल का हे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. सुरू केलं आणि चिडचिड, राग वाढला, तर त्यांना लगेच कळवा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.