जागतिकीकरणामुळे मुंबईतल्या मराठी तरुणांची ओळख पुसली जातेय का?

पुसली नाही, विभागली गेलीय. 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर चांगल्या नोकरीसाठी इंग्रजी हवं म्हणून पालकांनी शाळेचं माध्यम बदललं. मराठी घरापुरती उरली; बोलणं टिकलं, वाचणं-लिहिणं आधी गेलं. दहावीतला मुलगा आजीशी फर्डं बोलतो, पण ‘एकोणसाठ’ म्हटलं की फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, असं विचारतो.

सण मात्र उलट जास्त दिसायला लागले. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा 1999 मध्ये डोंबिवलीत सुरू झाली. आज गिरगावात मुली नऊवारी, फेटा, गॉगल अशा थाटात बुलेटवर असतात. (रीलसाठी का होईना!) देशाभिमान कमी होईल अशीही काळजी नको, भारताच्या क्रिकेट सामन्याच्या दिवशी बघा.

वाचणं-लिहिणं टिकवायचं तर घरी मुलांकडून रोज दहा मिनिटं मोठ्याने मराठी वाचून घ्या. मेसेज देवनागरीतच, कारण रोमनमध्ये टाइप केलं की ण-न, ळ-ल एकच होतात.