संस्कृतच्या ऑनलाइन वर्गात कुणाला दिसत नसेल, कुणाला ऐकू कमी येत असेल तेव्हा

ताई, तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यापासून झूमवर प्रौढांसाठी प्राथमिक संस्कृतचा वर्ग सुरू करताय, नावं दिलेल्यांत एक गृहस्थ पूर्ण अंध आहेत, एक बाई दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात आणि तिघं-चौघं सत्तरीच्या पुढचे आहेत; तर यांचा वेगळा वर्ग घ्यावा का आणि कुठलं सॉफ्टवेअर विकत आणावं.

वेगळा वर्ग घेऊ नका. नोकरी-संसार सांभाळून माणूस पन्नाशीत शिकायला बसतो तो चार माणसांत बसण्यासाठीही बसतो. आणि विकत काही आणायची गरज नाही. तुमच्या त्या अंध विद्यार्थ्याकडे त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, आधीपासून असणार. संगणकावर बहुधा एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेला हा प्रोग्राम आजही मोफत मिळतो. फोनवर असतील तर टॉकबॅक, तो अँड्रॉइडमध्ये असतोच. आपल्या बाजूला बदलायची ती आपली बोलायची सवय, आणि तासाची तयारी आदल्या दिवशी पुरी करायची.

मी हे टक्केटोणपे खाऊन शिकले. २०२० च्या जूनमध्ये माझा पहिला ऑनलाइन वर्ग सुरू झाला, तेव्हा शाळेतली तीस वर्षं गाठीशी होती आणि फळ्यापुढे बोलायची सवय जिभेवर होती. वर्गात एक अंध विद्यार्थी होते, बँकेतून निवृत्त झालेले. तिसऱ्या तासानंतर ते आलेच नाहीत. मी फोन केला तेव्हा फार सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुम्ही तासभर 'हे बघा', 'इथे काय झालं बघा', 'हा शब्द आणि हा शब्द' असं म्हणत होतात. मला तेवढंच ऐकू आलं." मी त्या तासाचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं. त्यात खरोखरच काही शिकवलेलं नव्हतं. पहिला तास घेण्याआधी तुम्हीही स्वतःचा दहा मिनिटांचा सराव रेकॉर्ड करून असाच ऐका.

एक गोष्ट बऱ्याच शिक्षकांना माहीतच नसते, मलाही नव्हती. आपण स्क्रीन शेअर करतो तेव्हा समोरच्याला आपल्या पडद्याचं चलचित्र जातं. त्यात अक्षरं दिसतात, पण स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ती अक्षरं नसतातच, त्यामुळे तो त्यातलं काहीही वाचू शकत नाही. झूमच्या पांढऱ्या फळ्यावर आपण रेघोट्या मारून जे लिहितो त्याचंही तेच. म्हणून त्या दिवशीचा सगळा मजकूर आदल्या संध्याकाळी ग्रुपवर पाठवायचा. सगळ्यांना पाठवा, फक्त अंध विद्यार्थ्यालाच नको. सत्तरीच्या मंडळींना तो फोनवर मोठा करून वाचता येतो, श्रवणयंत्र लावणाऱ्या बाईंना काय बोललं जाणार आहे ते आधी कळतं, आणि बाकीचेही वाचून येतात. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फरक पडला तो या एकाच गोष्टीने.

पण पाठवायचं कसं, हे नीट बघा. तुमच्याकडे जुन्या नोट्स असतील तर त्या बहुतेक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील. आपल्याला पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे स्क्रीन रीडर ती अक्षरं आणि चिन्हंच वाचत सुटतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. पुस्तकाच्या पानाचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफही चालणार नाही, तोही चित्रच. गूगल ड्राइव्हवर तो फोटो टाकून डॉक्सने उघडला की मजकूर सुटा होऊन मिळतो. मात्र संस्कृतात जोडाक्षरं आणि विसर्ग चुकतात, तेव्हा ओळन् ओळ तपासावी लागते. अंध व्यक्तीसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला कॉपीराइट आडवा येईल का, अशी शंका काहींना असते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने यासाठी, म्हणजे अशा व्यक्तींना देण्यापुरती, स्पष्ट सूट दिलेली आहे.

शब्दरूपांचे तक्ते हा संस्कृतच्या वर्गातला मोठा अडसर. 'राम' शब्दाची आठ विभक्त्या आणि तीन वचनं मिळून २४ रूपं, आणि आपण ती चौकटीत भरून दाखवतो. संगणकावर खरा तक्ता, म्हणजे वर्डमध्ये घातलेला, असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणाच्या कळांनी घराघरातून फिरता येतं. स्पेस देऊन जुळवलेले रकाने असतील तर सगळा गोंधळ. फोनवर तर खरा तक्ताही जिकिरीचा होतो. मी तक्ते सोडूनच दिले. एका ओळीत एक विभक्ती लिहिते: "प्रथमा, रामः, रामौ, रामाः." दुसऱ्या ओळीत द्वितीया. आपण लहानपणी घोकलं ते असंच घोकलं होतं, चौकटी नंतर आल्या.

स्क्रीन रीडरची एक अडचण मात्र आपल्यालाच भरून काढावी लागते. त्याचे हिंदी-मराठी आवाज शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतात. मराठी वाचताना ते बरोबरच असतं, पण संस्कृतात 'वद्' हा धातू आणि 'वद' म्हणजे 'तू बोल', हे दोन्ही ऐकणाऱ्याला सारखंच ऐकू येतं. विसर्गाचंही खात्रीचं नाही. म्हणून प्रत्येक पाठाबरोबर मी माझ्या आवाजातली तीन-चार मिनिटांची ध्वनिफीत पाठवते आणि तासातही तोंडाने सांगते: "वद्, द चा पाय मोडलेला." त्या गृहस्थांना ब्रेल येतं का तेही विचारून घ्या. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये पाय मोडण्यासाठी स्वतंत्र खूण आहे, मराठी ब्रेल वाचणाऱ्याला संस्कृतसाठी फारसं नवं काही शिकावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष तासाबद्दल. दाखवाल ते प्रत्येक अक्षर बोला. "लाल अक्षरातलं रूप बघा" याऐवजी "दुसऱ्या वाक्यातला तिसरा शब्द, गच्छन्ति." कुणाला प्रश्न विचारायचा तर आधी नाव, मग प्रश्न. बोलणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीला स्वतःचं नाव सांगावं, एवढा एकच नियम मी वर्गाला घालते. अंध विद्यार्थ्याला कोण बोलतंय ते कळतं, ओठ वाचणाऱ्याला कोणत्या चौकटीकडे बघायचं ते कळतं. चॅट शक्यतो बंद ठेवा. आपल्याला ते कडेला निमूट सरकताना दिसतं, पण स्क्रीन रीडर प्रत्येक संदेश मोठ्याने वाचतो, आणि तो आवाज तुमच्या बोलण्यावर येऊन पडतो. "नमस्कार", "सुप्रभात", हात जोडलेली चित्रं असे वीस संदेश एकामागून एक आले की त्या माणसाचा तास बुडालाच. संदेश असे वाचले जाणं झूमच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं, ते कुठे असतं ते त्यांना सांगून ठेवा. आणि "पान उघडा" म्हटल्यावर अर्धा मिनिट खरंच थांबा. त्यांचा फोन तेव्हा त्यांच्याशी बोलत असतो, एकाच वेळी दोघांचं कसं ऐकणार?

संथेबद्दल वेगळं सांगते, कारण संस्कृत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती द्यावीशी वाटतेच. गुरुजींनी एक चरण म्हणायचा, शिष्यांनी एकसुरात दोनदा म्हणायचा. ऑनलाइन हे होत नाही. प्रत्येकाचा आवाज थोड्या वेगवेगळ्या उशिराने पोचतो आणि झूम एका वेळी एकाचाच आवाज पुढे आणून बाकीचे दाबतो. सगळ्यांचा मिळून नुसता गलका ऐकू येतो आणि श्रवणयंत्रात तो गलका असह्य होतो. मी सगळ्यांना म्यूट करते, स्वतः चरण म्हणते, आणि नाव घेऊन एकालाच अनम्यूट करून म्हणायला लावते. बाकीचे आपापल्या घरी त्याच्याबरोबर म्हणतात. अंध विद्यार्थी यात बहुधा सगळ्यांच्या पुढे असतात. पाठांतराची विद्या आहे ही, डोळ्यांवाचून हजारो वर्षं चालत आलेली. माझे ते बँकेतले विद्यार्थी परत आले, आणि सहा महिन्यांनी वर्गात संथा तेच देऊ लागले.

श्रवणयंत्र लावणाऱ्या बाईंचं काम मला अधिक कठीण वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं की लावलं आणि सगळं स्पष्ट झालं. वयाबरोबर ऐकू कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात: स, श, थ, विसर्गाचा हकार. उरलेलं माणूस ओठांवरून भरून काढतो. आता आरशात बघून प, ब आणि म म्हणून पाहा, ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ख, ग, घ तर घशाजवळ होतात, बाहेर काहीच दिसत नाही. तृतीय व्यंजन संधी शिकवताना हे माझ्या ध्यानात आलं. वाक् अधिक ईश म्हणजे वागीश, अप् अधिक ज म्हणजे अब्ज. क् चा ग् झाला, प् चा ब् झाला, एवढाच तर तो धडा. आणि नेमका तेवढाच बदल ओठांवर दिसत नाही. माझ्या विद्यार्थिनीला पूर्ण तासभर दोन्ही शब्द एकच दिसत होते, आणि मी आवाज चढवत होते. आवाज चढवल्याने काही होत नाही, उलट ओठ वेडेवाकडे होतात. त्याऐवजी तिथे लिहून दाखवायचं: "क् गेला, ग् आला." म्हणजे अंधासाठी दाखवलेलं बोला आणि बहिऱ्यासाठी बोललेलं लिहा, असं दोन्ही एकाच वाक्यात सांभाळायचं असतं. पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं.

आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवर, म्हणजे कॅप्शनवर, विसंबू नका. तुम्ही मराठीत समजावता तेवढं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं फोनवरचं ॲप बऱ्यापैकी टिपतं; त्या बाईंना ते चालू करून फोन स्पीकरजवळ ठेवायला सांगा. पण मध्ये संस्कृत शब्द आला की तिथे भलताच मराठी शब्द उमटतो, आणि नवशिक्याला चूक कुठली ते ओळखता येत नाही. म्हणूनही आदल्या दिवशीचा मजकूर हवा. वर्गातलं कुणी भराभर टाइप करणारं असेल तर तासात आयत्या वेळी निघालेली उदाहरणं त्याला वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये लिहायला सांगा आणि त्याची लिंक सगळ्यांना द्या. चॅटमध्ये मात्र लिहायला सांगू नका, कारण वर सांगितलंच.

तुमच्या चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. पार्श्वभूमी पुसट करणारी सोय बंद ठेवा. तारेचा साधा इअरफोन लावा, त्याचा माइक तोंडाजवळ येतो. तास होईपर्यंत पंखा बंद. स्क्रीन शेअर केली की तुमचं चित्र टिकलीएवढं होतं, म्हणून शेअर थोडा वेळच करा आणि त्या बाईंना तुमची चौकट पिन करायला, म्हणजे पडद्यावर कायम मोठी ठेवायला, शिकवा. ओठ वाचून ऐकणं फार दमवतं. एक तासाचा वर्ग असेल तर मध्ये पाच मिनिटं सोडा, त्यात प्रश्नोत्तरंही नकोत.

सत्तरीच्या मंडळींना वेगळं फार काही लागत नाही. मोठा टाइप, पांढऱ्यावर काळं, पिवळं आणि फिकट निळं अजिबात नको. लिंक रोज तीच ठेवा.

गृहपाठाला वेळेचं बंधन असलेली ऑनलाइन परीक्षा नको. लिहून, टाइप करून किंवा बोलून ध्वनिफीत पाठवून, ज्याला जे जमेल ते, आणि ही मुभा सगळ्यांना. माझ्याकडे एक रिक्षाचालक आहेत, डोळे-कान उत्तम, ते सगळा गृहपाठ बोलूनच पाठवतात, कारण त्यांना वेळ स्टँडवरच मिळतो.

नोंदणीच्या अर्जात "अपंगत्व आहे का" असं विचारू नका. अनेकांना ते लिहायचं नसतं, आणि वयामुळे कमी ऐकू येणारे स्वतःला त्यात धरतही नाहीत. "वर्ग नीट समजण्यासाठी तुम्हाला काय लागेल?" असं विचारा, आणि खाली दोन-तीन उदाहरणं द्या. माझ्या शेवटच्या वर्गात या प्रश्नाला निम्म्याहून अधिक लोकांनी काही ना काही लिहिलं होतं. त्यातल्या दोघांना कमी ऐकू येतं हे त्यांच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं.

आणि पहिल्या तासाच्या दोन दिवस आधी त्या अंध गृहस्थांशी पंधरा मिनिटं झूमवर एकट्याने बोला. संगणकावर ऑल्ट आणि ए ने म्यूट-अनम्यूट, ऑल्ट आणि वाय ने हात वर. हे त्यांना कदाचित तुमच्याआधी येत असेल. त्यांनाच विचारा की आधीच्या कुठल्या वर्गात त्यांना काय त्रास झाला, आणि तुमचा एक पाठ त्यांच्या फोनला मोठ्याने वाचायला लावून दोघांनी मिळून ऐका. कुठे अडतं ते तिथल्या तिथे कळेल, आणि तो पाठ त्याच रात्री सुधारून ग्रुपवर टाकता येईल.