करमळीची अडई धूसर का?

प्रश्न : गोव्यातल्या करमळीच्या तळ्याकाठून ८० मिलिमीटर भिंगाच्या स्पॉटिंग स्कोपला (पक्षी पाहायच्या एकनळी दुर्बिणीला) मोबाइल जोडून मी पलीकडच्या अडई या रानबदकांची छायाचित्रे काढतो, ६० पटींवर ती धूसर येतात. स्कोप बदलावा का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : एवढ्यात खर्चात पडू नका. आपल्या स्कोपमधून २० पटींवर ४ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत बाहेर पडतो, तर ६० पटींवर तो जेमतेम १.३ मिलिमीटर उरतो. त्यामुळे मोबाइलचे शटर मंदावते, म्हणजे जास्त वेळ उघडे राहते, आणि ट्रायपॉडची बारीकशी थरथरही चित्रात उतरते. शिवाय ऊन चढले की तापलेल्या बांधावरची हवा लहरू लागते, आणि तिच्यापुढे महागडी काचही हतबल असते. सूर्योदयानंतर लगेच, २० ते ३० पटींवर, दोन सेकंदांचा टायमर लावून पाहावे. चोचीवरचा थेंब टिपण्याचा हट्ट तूर्त सोडावा.